पोर्ट तीन, वायरी अकरा: घरच्या कॉम्प्युटरला सगळं कसं जोडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेबलाखाली वाकून एकदा वायरी मोजल्या, तर अकरा निघाल्या. कॉम्प्युटर आता घरात एकट्याचा राहिलेला नाही. सकाळी मुलांचा ऑनलाइन क्लास असतो, दुपारी जीएसटीचं रिटर्न, आणि संध्याकाळी शेजारचं कुणी आधार कार्ड स्कॅन करून मागतं. प्रत्येकाची वस्तू वेगळी आणि वायरही वेगळी. सोसायटीतले आणि नात्यातले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. सगळेजण आधी भोकं मोजतात. मी आधी अँपिअर मोजतो. असं का, ते पुढे येईलच.

लॅपटॉपला पोर्ट तीन आणि जोडायच्या वस्तू नऊ. सुरुवात कुठून करू?

कागद-पेन घेऊन. हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक तोंडं करणारी डबी, विकत घेण्याआधी वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: ती रोज लागते का, आणि तिला भिंतीतून स्वतःची वीज मिळते का.

साधारण घरातली यादी अशी असते: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, वेबकॅम, हेडफोन, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन आणि यूपीएसची केबल. आता काट मारायला घ्या. लॅपटॉपला बॅटरी आहे, यूपीएसच्या केबलचं काम नाही. वेबकॅम झाकणातच आहे, आणि बाहेरचा फार चांगला नसेल तर दोन ठेवण्यात अर्थ नाही. हेडफोनला गोल पिन असेल तर तो गोल जॅकमध्ये जाईल. प्रिंटरमध्ये वायफाय असेल तर त्याची वायरच गेली. टोकन आणि पेन ड्राइव्ह एकाच वेळी लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, म्हणजे दोघांत मिळून एक तोंड पुरतं. नवाचे चार झाले. हार्ड डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा आणि उरलेल्या तीन वस्तू एका हबवर.

एवढं करूनही आकडा सहा-सातवर राहिला, तरच पुढचं वाचत बसा.

दुकानदार म्हणतो, दोनशे रुपयांचा चार तोंडी हब घ्या, सगळं चालेल. चालेल का?

कीबोर्ड, माउस, टोकन आणि एखादा पेन ड्राइव्ह एवढंच लावणार असाल तर चालेल. त्याहून जास्त भूक असलेली वस्तू आली की अडेल.

हबकडे आपण एक्स्टेंशन बोर्डासारखं बघतो, पण बोर्डामागे घराचं अख्खं मीटर असतं. बिनअडॅप्टरच्या हबमागे कॉम्प्युटरचं एकच पोर्ट असतं. यूएसबी २.० या जुन्या पिढीच्या पोर्टानं ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर द्यायचे आणि ३.० या नव्या पिढीच्या पोर्टानं ९००, असा नियम आहे. २.० च्या नियमात अडॅप्टर नसलेला हब स्वतःसाठी १०० मिलीअँपिअर धरतो आणि उरलेले ४०० चार तोंडांना १००-१०० वाटतो. असे हब पिढ्यान्‌पिढ्या चार तोंडांचेच का दिसतात, याचं मूळ या हिशेबात आहे. बिनअडॅप्टरचा हब सात तोंडी असेल, तर त्याची सातही तोंडं तेवढ्याच विजेवर जगणार. घरात पाहुणे वाढले म्हणून भात वाढत नाही.

हबवर लावली की हार्ड डिस्क टिक-टिक करते आणि दिसतच नाही. डिस्क गेली का?

बहुधा नाही. ती उपाशी आहे. २.५ इंची फिरती डिस्क एकदा फिरू लागली की थोडक्यात भागवते, पण सुरुवातीच्या काही सेकंदांत तिला ७०० ते १००० मिलीअँपिअर लागू शकतात. तेवढे मिळाले नाहीत की तबकडी वेग धरत नाही, डिस्क पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा पडते. तोच हा टिक-टिक आवाज. अशा वेळी डिस्क लगेच काढा, थेट कॉम्प्युटरच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टात लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टात लावा, कारण पुढचं पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या लांब वायरीवर असतं आणि त्या वायरीत व्होल्टेज गळतं. केबलही आखूड आणि जाड असू द्या. आवाज थेट पोर्टातही येत राहिला, तर मात्र वापर थांबवून आधी डेटाची काळजी करा.

जुन्या डिस्कबरोबर दोन डोक्यांची वाय केबल यायची, ती टाकून देऊ नका. तिचं दुसरं डोकं नुसती वीज ओढण्यासाठी असतं.

अडॅप्टरवाला हब घ्यायचा ठरवला. अडॅप्टर किती अँपिअरचा हवा?

खोक्यावर तोंडांचा आकडा ठळक असतो आणि अँपिअरचा बारीक, हे लक्षात ठेवून खोकं उलटं करा. एका हबचं उदाहरण घेऊ. ३.० चा, सात तोंडी, अडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअर. म्हणजे एकूण २००० मिलीअँपिअर. सातही तोंडांनी नियमाप्रमाणे ९०० मागितले तर ६३०० लागतील. दोन फिरत्या डिस्क एकदम सुरू झाल्या की हा अडॅप्टर धापा टाकणार. ज्याला खरोखर सात भुकेली तोंडं भरायची आहेत, त्यानं १२ व्होल्ट ३ अँपिअरच्या आसपासचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. हब आत त्याचे ५ व्होल्ट करून घेतो आणि हिशेब साधारण जुळतो.

घरी मात्र सातही वस्तू भुकेल्या नसतात. कीबोर्ड-माउसचा खर्च नगण्य असतो, आणि प्रिंटर आपली वीज भिंतीतून घेतो. एक डिस्क, एक वेबकॅम आणि बाकी किरकोळ, एवढ्याला ५ व्होल्ट ३ अँपिअर पुरतात. अडॅप्टर हरवला तर नवीन घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. ५ व्होल्टच्या हबला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून लोकांनी हब जाळलेले आहेत, कारण पिन सारखीच बसते.

एका कॉम्प्युटरला १२७ वस्तू लागतात असं ऐकलं. खरं का?

कागदावर खरं. यूएसबीत प्रत्येक वस्तूला सात बिटांचा पत्ता मिळतो. त्यातून १२८ आकडे होतात, आणि शून्य हा नुकत्याच आलेल्या, अजून पत्ता न मिळालेल्या वस्तूसाठी राखून ठेवतात. उरले १२७. हबलाही यातलाच एक पत्ता लागतो.

प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी अडतं. कॉम्प्युटरमधल्या यूएसबी कंट्रोलरला वस्तूंशी बोलायच्या वाटा मोजक्याच सांभाळता येतात आणि एकेक वस्तू अशा दोन-चार वाटा अडवते. माइक आणि आवाजाची बटणं असलेला हेडफोन दिसायला एक, पण हिशेबात तीन-चार. वाटा संपल्या की विंडोजमध्ये यूएसबी कंट्रोलरची साधनं पुरत नसल्याचा इंग्रजी संदेश येतो. लोकांना वाटतं नवीन वस्तू खराब निघाली. नको असलेली एखादी वस्तू काढून बघा, दुसरी लगेच चालू होते. डेस्कटॉपमध्ये वेगळं यूएसबी कार्ड बसवलं की नवा कंट्रोलर मिळतो आणि ही तक्रारच मिटते.

हबला हब जोडला तर?

चालतो. कॉम्प्युटर आणि वस्तू यांच्यामध्ये एकामागून एक पाच हबपर्यंत परवानगी आहे. मात्र काही मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवर) आधीच एक हब दडलेला असतो आणि मॉनिटरमधला हबही या पाचांतच मोजला जातो, त्यामुळे पाच वाटतात त्याहून लवकर भरतात. मी दोनच्या पुढे जात नाही. दुसरा हब अडॅप्टरवाला हवा, नाहीतर वर सांगितलेल्या १०० मिलीअँपिअरवर त्याचं अख्खं बिऱ्हाड बसतं.

मॉनिटरला यूएसबीची तोंडं आहेत पण चालत नाहीत, ही तक्रार जवळजवळ नेहमी एकाच कारणानं असते: मॉनिटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वेगळी यूएसबी केबल कुणी जोडलेलीच नसते. ती खोक्यात, थर्माकोलखाली असते.

निळं पोर्ट, काळं पोर्ट, कुठे काय लावू?

काळं किंवा पांढरं म्हणजे सहसा २.०, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. निळं म्हणजे ३.०, वेग ५ गिगाबिट. २.० आलं २००० साली, ३.० चा मसुदा ठरला २००८ मध्ये. लाल-पिवळ्या रंगांना मात्र सगळ्यांत सारखा अर्थ नाही. बऱ्याचदा ती कॉम्प्युटर बंद असतानाही मोबाइल चार्ज करणारी पोर्ट असतात, तेवढंच.

हार्ड डिस्क, एसएसडी आणि वेगवान पेन ड्राइव्ह निळ्यात लावा, बाकी सगळं काळ्यात. लग्नाच्या शूटिंगची १० जीबी फाइल काळ्या पोर्टातून सेकंदाला ३५ एमबीच्या वेगानं पाच मिनिटं घेईल. तीच डिस्क निळ्यात लावली तर दीड-दोन मिनिटं. उलट कीबोर्ड निळ्यात लावून काही मिळत नाही. तो सेकंदाला दीड मेगाबिटच्या वाटेवरच खूश असतो.

आता एक आतली गोष्ट. ३.० चा हब म्हणजे एका डबीत दोन हब असतात, एक जुन्या तारांचा आणि एक नव्या. तुम्ही त्यात माउस, प्रिंटर, वेबकॅम अशा २.० च्या चार वस्तू लावल्या, तर त्या चौघी मिळून ते जुने ४८० मेगाबिटच वाटून घेतात. ५ गिगाबिटचा हब घेतला म्हणून त्यांना वेग येत नाही. पण त्याच हबवरच्या हार्ड डिस्कच्या वाटेत त्या आडव्याही येत नाहीत.

पेन ड्राइव्ह तिसऱ्या खेपेलाच का बसतो?

हा प्रश्न गमतीनं विचारतात, पण उत्तर आहे. यूएसबी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटाचं नेतृत्व अजय भट्ट यांच्याकडे होतं. ते मूळचे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागून खर्च वाढला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. स्वस्त राहिली म्हणून ती सगळीकडे पोहोचली, आणि आपण वायर फिरवून फिरवून बसवत राहिलो. २०१४ मध्ये टाइप-सी आली आणि तो त्रास मिटला. त्या बदल्यात कोणते नवे त्रास आले, ते पुढे सांगतो.

हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो. माउस बदलू का?

नको. हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यावर लोकांनी तीन-तीन माउस बदललेले असतात. ३.० चं पोर्ट, केबल किंवा डिस्क काम करत असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते. वायरलेस माउस-कीबोर्डचा छोटा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलनं २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. रिसीव्हर निळ्या पोर्टात किंवा डिस्कच्या पिनेला खेटून असेल तर त्याला माउसचं बोलणं ऐकूच येत नाही.

उपाय हातभर वायरीचा आहे. साधी २.० ची एक्स्टेंशन केबल घ्या, रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर माउसजवळ ठेवा. वायफाय २.४ वर असेल आणि डिस्कवर कॉपी सुरू केली की नेट मंदावत असेल, तर तेही याच कुळातलं दुखणं. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या.

दोन वेबकॅम लावले, एक चालतो, दुसरा काळा. का?

घरी शिकवणी घेणाऱ्यांचा हा प्रश्न. एक कॅमेरा चेहऱ्यावर, दुसरा वहीवर. कॅमेरा चित्र अडखळू नये म्हणून वाटेतला ठरावीक हिस्सा आधीच राखून ठेवतो, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा. ४८० मेगाबिटांपैकी अशा राखीव कामाला जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३८४ मेगाबिट देता येतात. एक कॅमेरा सेकंदाला साडेचोवीस एमबीपर्यंत, म्हणजे दोनशे मेगाबिटांच्या जवळ जागा धरू शकतो. दोघांनी तसा रुमाल टाकला की बेरीज ३८४ च्या पुढे जाते आणि दुसऱ्याला खाली उतरवलं जातं.

दोन्ही कॅमेरे एका हबवर ठेवू नका. एक थेट कॉम्प्युटरला लावा, जमल्यास दुसऱ्या बाजूच्या पोर्टात. तरी भागलं नाही तर वहीवरच्या कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन उतरवा किंवा त्याच्या सेटिंगमध्ये एमजेपेग हा दाबलेला प्रकार निवडा. हा पर्याय असताना न दाबलेलं चित्र पाठवण्यात काही शहाणपण नाही.

नव्या लॅपटॉपला फक्त दोन टाइप-सी पोर्ट आहेत. हब घेऊ की डॉक?

आधी एक गैरसमज काढून टाकू. टाइप-सी हे पिनेच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकाराच्या पोर्टातून एका लॅपटॉपवर ४८० मेगाबिट जातात, दुसऱ्यावर ४० गिगाबिट. एकातून मॉनिटर चालतो, दुसऱ्यातून चालत नाही. पोर्टाजवळ विजेची खूण असेल तर ते थंडरबोल्ट, म्हणजे वेगवान आणि मॉनिटरही चालवणारं पोर्ट; इंग्रजी डी अक्षरासारखी खूण असेल तर मॉनिटर चालतो. काहीच खूण नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तपशील वाचा. हे न वाचता एचडीएमआयवाला हब आणणारे आणि पडदा काळा म्हणून परत करणारे दर महिन्याला भेटतात.

पडदा लागतो, पण ४के मॉनिटरवर बाण ओढल्यासारखा जड चालतो, अशीही तक्रार असते. टाइप-सी केबलमध्ये वेगवान वाटा चार. त्या चारही चित्राला दिल्या तर हबवरच्या बाकी वस्तूंना जुने ४८० मेगाबिटच उरतात. म्हणून स्वस्त हब चित्राला दोन वाटा देतात आणि दोन यूएसबीला. त्या दोन वाटांत बऱ्याच लॅपटॉपवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. साधा १०८० चा मॉनिटर असेल तर हा प्रश्नच येत नाही, आणि घरच्या कामाला तो पुरतो असं माझं मत आहे. ४के हवाच असेल तर हबच्या तपशिलात ६० हर्ट्‌झ लिहिलेलं बघा आणि लॅपटॉपमधून तेवढं निघतं याचीही खात्री करा.

डॉक म्हणजे स्वतःचा मोठा अडॅप्टर असलेला, टेबलावरच राहणारा हब. रोज लॅपटॉप उचलून ऑफिसला नेणाऱ्याला त्याचं सुख कळतं: घरी आल्यावर एक वायर खोचली की मॉनिटर, कीबोर्ड, लॅन, चार्जिंग सगळं सुरू. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर डॉकचे पैसे वाचवा. छोट्या हबमधून चार्जिंगही होतं, पण हब त्यातली काही वॉट स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे चार्जर अगदी काठावरचा असेल तर बॅटरी भरण्याऐवजी हळूहळू उतरते. हे हब गरम होतात. हात लावता येईल इतके गरम असतील तर चालायचंच.

माझा जुना डेस्कटॉप आहे. त्याला हबच घ्यावा लागेल?

तुम्ही नशीबवान. डेस्कटॉपमध्ये हबपेक्षा चांगले मार्ग आहेत.

मागे दोन गोल पोर्ट दिसतात का, एक जांभळं आणि एक हिरवं? ती पीएस/२. जांभळ्यात कीबोर्ड, हिरव्यात माउस, आणि दोन यूएसबी पोर्ट मोकळी. गोल पिनेचा कीबोर्ड जुन्या सामानात सापडतोच. फक्त तो कॉम्प्युटर बंद असताना लावा-काढा. चालू मशीनवर काढ-घाल करण्यासाठी ती पिन बनलेली नाही.

मग कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर नऊ पिनांचा एखादा यूएसबी हेडर बहुतेक वेळा रिकामा पडलेला असतो. त्यावर बसणारी, मागच्या पट्टीवर दोन पोर्ट देणारी ब्रॅकेट वायर अगदी स्वस्तात मिळते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हेडरचा फोटो दाखवला तरी देतात.

३.० हवं असेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्या. चार पोर्टांचं कार्ड छोट्या खाचेतही बसतं. कार्डावर एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर जोडायची जागा असेल तर ती जोडाच. ती रिकामी ठेवून वर हार्ड डिस्क चालत नाही म्हणणारे, अडॅप्टर न लावता अडॅप्टरवाला हब वापरणाऱ्यांचे सख्खे भाऊ.

प्रिंटरची वायर दुसऱ्या पोर्टात लावली की नवाच प्रिंटर दिसतो, नावापुढे कॉपी १. जुन्यावर दिलेली प्रिंट येत नाही.

विंडोज वस्तूला तिच्या सिरीयल नंबरवरून ओळखतं. ज्या वस्तूच्या आत असा नंबर लिहिलेलाच नाही, तिला ते पोर्टावरून ओळखतं. पोर्ट बदललं की त्याच्या लेखी माणूसच बदलला. म्हणून प्रत्येक वस्तूचं पोर्ट ठरवून ठेवा, हबवरसुद्धा. मी नेलपॉलिशचा ठिपका देतो, पोर्टावर एक आणि पिनेवर एक. नकोसा झालेला कॉपी १ सेटिंगमधून काढून टाका.

मात्र प्रिंटर वायफायवर टाकणं हे सगळ्यांत बरं. एक पोर्ट मोकळं होतं, मोबाइलवरूनही प्रिंट निघते. जोडताना प्रिंटर सापडत नसेल तर मोबाइल २.४ च्या नेटवर्कवर आणा. कितीतरी घरगुती प्रिंटरना ५ गिगाहर्ट्‌झ कळतच नाही.

डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं मशीन हबवर चालेल का?

टोकनला वीज फार लागत नाही, ते हबवर चालतं. तरी मी ते थेट लॅपटॉपला लावायला सांगतो. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री साडेअकरा वाजता सही होत नसताना मध्ये एक संशयित कमी असलेला बरा. काम झालं की टोकन काढून कुलपात ठेवा. ती तुमची सही आहे, हबवर लटकत ठेवायची वस्तू नाही.

अंगठ्याच्या मशीनमध्ये बोट उजळायला दिवा असतो, त्यामुळे त्याची भूक टोकनपेक्षा मोठी. घरून सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी ते थेट पोर्टात किंवा अडॅप्टरवाल्या हबवर लावावं. अर्धवट विजेवर ते मशीन जोडलेलं दिसतं पण आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, तयार नाही म्हणते, आणि रांगेतला माणूस तुमच्याकडे बघत राहतो. ज्यांना फक्त आजी-आजोबांच्या पेन्शनच्या दाखल्यासाठी हे मशीन घ्यायचं आहे त्यांनी थांबावं. जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. एक वायर वाचली.

सगळंच ब्लूटूथवर नेलं तर?

माउस, कीबोर्ड आणि हेडफोन न्या. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये एका वेळी सात वस्तूंशी बोलणं होतं. पण एक वायरचा कीबोर्ड माळ्यावर असू द्या. विंडोज बिघडून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जायची वेळ आली की ब्लूटूथचा कीबोर्ड तिथे सहसा मुका असतो.

प्रिंटर आतल्या खोलीत आहे. यूएसबीची केबल किती लांब चालते?

२.० ची ५ मीटर. ३.० ला नियमात ठरावीक लांबी नाही, पण साध्या केबलवर ३ मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. त्याहून लांब न्यायचं तर ॲक्टिव्ह एक्स्टेंशन केबल मिळते, तिच्यात सिग्नल पुन्हा ताजा करणारी चिप असते. पण भिंत ओलांडायची असेल तर लॅनची वायर टाका, ती १०० मीटर जाते.

कॉम्प्युटर बंद केला तरी आतला दिवा मिणमिणतो. भूत आहे का?

हब आहे. कॉम्प्युटरकडून वीज घ्यायच्या वायरीतून काही स्वस्त हब आपल्या अडॅप्टरची वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये ढकलतात. चांगल्या हबमध्ये ही उलटी वाट बंद केलेली असते. असा हब बदला. तोवर कॉम्प्युटर बंद केला की अडॅप्टरचंही बटण बंद करा.

कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात.

लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल तर थोडी झिणझिण येऊ शकते. डेस्कटॉपच्या पत्र्याला येत असेल तर घराचं आर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कुणीतरी कापून टाकली आहे. आर्थिंग नसलं की एसएमपीएसमधली गळती पत्र्यावर साठते आणि मॉनिटरची किंवा प्रिंटरची वायर जोडताना ठिणगी पडते. एखाद दिवशी त्यातच पोर्ट जळतं. चांगल्या वायरमनकडून आर्थिंग तपासून घ्या, हब नंतर. कॉम्प्युटर, हब, मॉनिटर आणि प्रिंटर शक्यतो एकाच बोर्डावर घ्या. लेझर प्रिंटर मात्र घरच्या यूपीएसवर लावू नका. कागद तापवताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळतो.

वस्तू चालता चालता मध्येच गायब होते, वायर काढून लावली की परत येते.

विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं आणि सगळ्या वस्तूंना पुन्हा जाग येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी कंट्रोलरच्या यादीत रूट हबवर डबल क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटमधली, हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. जितके रूट हब असतील तितक्यांची. तरी होत असेल तर वीज कमी पडते आहे किंवा पिन सैल आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर पिनांवर काळपट थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबानं पुसून निघतो. मशीन बंद ठेवून पुसा.

दुकानातल्या जुन्या वजनकाट्याची वायर नऊ पिनांची, सिरीयल प्रकारची आहे. लॅपटॉपला लागेल?

यूएसबी ते सिरीयल कन्व्हर्टरवर लागेल. आतली चिप नकली असली तर नवं ड्रायव्हर तिला नाकारतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० दिसतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. पोर्ट बदललं की कॉम नंबर, म्हणजे विंडोजनं त्या जोडणीला दिलेला क्रमांक, बदलू शकतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तपासा.

हब विकत घेताना नेमकं काय बघू?

अडॅप्टर सोबत आहे का आणि किती अँपिअरचा, हे आधी. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हबची कॉम्प्युटरकडे जाणारी केबल सुटी असेल तर फार चांगलं, कारण आधी तीच तुटते. तोंडांमध्ये इतकं अंतर हवं की जाडा पेन ड्राइव्ह शेजारचं तोंड झाकणार नाही. प्रत्येक तोंडाला वेगळं बटण असलेले हब मला आवडतात, वायर न उपसता वस्तू बंद करता येते. झगमगत्या दिव्यांचे पैसे देऊ नका.

सगळं बरोबर जोडलंय, तरी एक वस्तू चालत नाही. हबला दोष देऊ की वस्तूला?

आधी बाकी सगळं काढा आणि ती वस्तू एकटी, थेट कॉम्प्युटरला लावा. चालली, तर वीज किंवा हब. नाही चालली, तर केबल बदलून बघा. त्यानंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर. या क्रमानं गेलात तर दहा मिनिटांत चोर सापडतो, आणि बहुतेक वेळा तो केबलच निघतो. मोबाइलबरोबर किंवा पंख्याबरोबर आलेल्या कितीतरी केबलमध्ये नुसत्या विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. वस्तूचा दिवा लागतो, कॉम्प्युटरला मात्र काही कळत नाही. आमच्या घरी अशी एक केबल दोन वर्षं ड्रॉवरमध्ये इतर चांगल्या केबलींबरोबर मिसळून होती, आणि तिच्यापायी मी एक ठणठणीत स्कॅनर दुरुस्तीला देऊन आलो होतो. आता तिला लाल चिकटपट्टी लावली आहे.